तेरा दिवस घण खाली

सूर्याजी जगदाळे चौथ्यांदा खाणीच्या कचेरीत गेले, तेव्हा तिथे बसायला खुर्ची उरली नव्हती. खुर्च्या भोपाळला गेल्या होत्या. नवं राज्य होऊन महिना झाला होता, आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या एकेक करून उठत होत्या. आधी टेबलं-खुर्च्या गेल्या, मग एक सोडून बाकीचे साहेब गेले. कागद मात्र सुतळीने बांधून भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यांची कोणाला घाई नव्हती.

"बसा काका," हेडक्लार्क मधुसूदन म्हणाला, आणि मग त्याच्याच लक्षात आलं. "म्हणजे, त्या गठ्ठ्यावर बसा. तो मुरैन्याचा आहे. त्याला काही होत नाही."

"मी बसायला आलो नाही. आमच्या खाणीच्या भाडेपट्ट्याचं काय झालं?"

"याआधी काय सांगितलं होतं?"

"फाइल भोपाळला गेली म्हणून सांगितलंत. भोपाळहून पत्र आलं की फाइल ग्वाल्हेरलाच आहे. तुम्ही म्हणालात, इंदूरला विचारा. इंदूरवाल्यांनी उत्तरच दिलं नाही. आता मी कुठे जाऊ? काशीला?"

मधुसूदन हसला. पस्तिशीचा हा माणूस तसा वाईट नव्हता. त्याचा आजा दरबारच्या दफ्तरात होता, बाप होता, आता हा होता. पण महाराज बाड्यापासून हाकेच्या अंतरावर जन्म काढलेल्या घराला भोपाळ म्हणजे दुसरा मुलूख वाटत होता, आणि त्याच्या बायकोने आठ दिवस बोलणं टाकलं होतं. तो एका हाताने गठ्ठे बांधत होता, दुसऱ्या हाताने लोकांना परत पाठवत होता.

"फाइल सापडली," तो म्हणाला. "इथेच होती. पण सापडली नसती तर बरं झालं असतं. काका, तुमचा पट्टा रद्द झालाय. वीस तारखेला लिलाव आहे."

सूर्याजी उभेच होते. "रद्द? कशासाठी?"

मधुसूदनने कागद वाचून दाखवला. तपासनीस दोनदा खाणीवर गेला होता, सव्वीस ऑक्टोबरला आणि पुन्हा तीस तारखेला. दोन्ही वेळा खाण बंद. घण चालत नव्हता, माणूस कामावर नव्हता. चौकशी केली तर अठरा तारखेपासून बंद आहे असं कळलं. कारण विचारलं असता सहरिया आदिवासींच्या समितीच्या पटेलाने सांगितलं, 'काम नव्हतं.'

"नियम तुम्हाला माहीत आहे," मधुसूदन म्हणाला. "सलग दहा दिवसांच्या वर खाण विनाकारण बंद राहिली की पट्टा गेला. खाणीवरचा माणूस मेला, साथ आली, पूर आला, तर गोष्ट वेगळी. इथे पटेल स्वतः म्हणतो काम नव्हतं. मी काय करू?"

"काम नव्हतं?" सूर्याजींचा आवाज चढला. "फर्शीच्या चार गाड्या बोलून ठेवल्या होत्या! नई सडकेचा व्यापारी माझ्या दारात येऊन बसत होता!"

"मग तुमच्या पटेलाला विचारा. आणि पंधरा तारखेच्या आत विचारा. त्यानंतर इथे कचेरीही नसेल अन् मीही."

बाहेर पडताना सूर्याजींच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. अठरा ऑक्टोबर. दसरा होऊन चार दिवस झाले होते. त्या दिवशी पहाटे दौलतगंजातल्या त्यांच्या घरी त्यांची बायको अनसूया वारली होती. तिचे तेरा दिवस ते घराबाहेर पडले नव्हते. आणि आपण, म्हणजे समितीचा मुन्शी, घरात बसलो म्हणताच या लोकांनी घण टाकून दिले.

*

जगदाळे घराणं शिपाईगिरी करत दक्षिणेतून इकडे आलं होतं. सूर्याजींच्या हाती तलवारीऐवजी जरीब आली, म्हणजे मोजणीची साखळी. दरबारच्या बांधकाम खात्यात ते तीस वर्षं मोजणीदार होते. संस्थान विलीन झालं, खाती एकत्र झाली, आणि एका जागेवर ग्वाल्हेरचा एक व इंदूरचा एक असे दोन दोन मोजणीदार झाले. सूर्याजींना घरी पाठवलं गेलं.

जाता जाता त्यांनी जी शेवटची मोजणी केली, ती या खाणीची. घाटीगावच्या बाजूला, शिवपुरीकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीतून उतरून दोन कोस चाललं की खोहरी नावाची सहरियांची वस्ती लागते. वस्तीला ते लोक सहराना म्हणतात. तिथला दगड तांबूस, पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा, फर्शीला उत्तम. तीन पिढ्या त्या लोकांनी तो ठेकेदारासाठी फोडला होता. संस्थानानंतरचं नवं सरकार आलं तेव्हा कोणा भल्या अधिकाऱ्याच्या मनात आलं आणि पट्टा सहरियांच्याच समितीला मिळाला. पण कागद वाचणारं त्यांच्यात कोणी नव्हतं. हरकू पटेल दौलतगंजात घर शोधत आला आणि दारात उकिडवा बसून म्हणाला, "मुन्शीजी, जमीन तुम्हीच मोजली. आता तुम्हीच सांभाळा."

सूर्याजींनी सहा वर्षं सांभाळली. खाणीच्या दगडातून सहरान्यात एक शाळेची खोली झाली. मास्तराचा पगार खाणीतून निघे. विहीर बांधून झाली. पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं, तेव्हा चार महिने पुरेल एवढा दाणा दगडाच्या कोठारात असे. आधी त्याच चार महिन्यांत लोक ठेकेदाराकडे अंगठे देत असत. आता कोणी देत नव्हतं. खाण गेली असती तर हे सगळं एका पावसाळ्यात गेलं असतं, हे सूर्याजींना हरकूपेक्षा जास्त कळत होतं.

अनसूयाबाई दर आठवड्याला त्यांच्याबरोबर खाणीवर जात. पहिल्यांदा गेल्या त्या नुसत्या बघायला. तिथे एका माणसाच्या डोळ्यात दगडाची कपची गेली होती आणि तो पंच्याने, धुळीच्या हाताने डोळा चोळत होता. त्यांनी त्याला खडसावलं, "हात काढ! आंधळा व्हायचंय?" पितळी वाटीत गुलाबपाणी घेतलं, मलमलीच्या चिंधीचं टोक भिजवलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कपची काढली. त्यानंतर त्या जायच्या त्या दिवशी डोळ्यांची रांगच लागायची. सूर्याजी माप घेत हिंडायचे आणि त्या मोहाच्या झाडाखाली बसून डोळे धुवायच्या. सहरिया त्यांना बाईसाब म्हणत.

त्या गेल्यापासून सूर्याजी घरात ती वाटी शोधत होते. फडताळं पाहिली, देवघर पाहिलं. ती शेवटची खाणीवर राहिली असणार हे त्यांना आठवलं, आणि त्यांनी हरकूला विचारलंही होतं. हरकू खाली बघत राहिला. सूर्याजींनी मनात म्हटलं, पितळ आहे, कोणीतरी उचललं. त्याचा राग त्यांच्या मनात तेव्हापासून होताच.

*

दुसऱ्या दिवशी ते छोट्या गाडीने निघाले आणि दुपारी खाणीवर पोचले. घण चालू होते. एक माणूस पाचर धरून बसला होता, दुसरा वरून घाव घालत होता, आणि दगडाची लांब फळी हळूहळू सुटत होती. सूर्याजींना ते दृश्य बघून आणखीच संताप आला.

"हरकू! इकडे ये!"

हरकू पटेल घण खाली ठेवून आला. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस.

"तपासनीस आला होता तेव्हा काय सांगितलंस?"

"काम नहीं था, बोला."

"काम नव्हतं? खोटं का बोललास? फर्शीची बोली झालेली होती. तुला मी हजार वेळा सांगितलंय, दोन दिवस बंद ठेव, तीन दिवस बंद ठेव, पण दहाच्या वर जाऊ देऊ नकोस. तुमच्यात माणूस मेला की तीन दिवस घण बंद, हे मला माहीत आहे. मी कधी बोललो? पण सहरान्यात तर कोणी मेलं नव्हतं! मी आज येतानाच मास्तरला विचारलं. मग कशासाठी बंद ठेवली? पट्टा गेलाय, समजतंय का? वीस तारखेला ठेकेदार येऊन बसेल इथे!"

घण थांबले. सगळे खाली बघायला लागले. हरकूही.

"बोल ना! मी तुझ्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतोय आणि तू तोंडात गुळणी धरून बसलायस. माझी बायको मेली म्हणून मी चार दिवस आलो नाही, तर तुम्ही..."

"मुन्शी," मागून कोणीतरी म्हणालं. 'जी' लावलं नव्हतं.

हरकूची आई रतिया झाडाखाली बसली होती. सहरान्यात तिच्याहून म्हातारं कोणी नव्हतं. एक डोळा पुरता गेलेला, दुसऱ्यावर पडदा चढलेला. त्याच डोळ्यावर अनसूयाबाईंनी सहा वर्षं पाणी घातलं होतं.

"अम्मा, चुप," हरकू म्हणाला.

"तू चुप. मी काय, आज आहे उद्या नाही. मी बोलले तर काय बिघडतं?" ती काठी टेकत उठली. "मुन्शी, इकडे ये. चिल्लायला जोर आहे तर चालायलाही असेल."

ती त्यांना खाणीच्या उत्तरेच्या कडेला घेऊन गेली. तिथे दसऱ्याच्या सुमारास पाडलेला शेवटचा काप होता. कापाच्या तळाशी हातभर उंचीचा कपच्यांचा ढीग रचला होता. नीट रचलेला, चौकोनी. तिने काठीने वरच्या दोन-तीन कपच्या बाजूला सारल्या.

आत अनसूयाबाईंची पितळी वाटी होती. तिच्यात मलमलीची चिंधी घडी करून ठेवली होती.



"वस्तीतलं कोणी मेलं की तीन दिवस घण खाली," रतिया म्हणाली. "घरातलं मोठं माणूस मेलं की तेरा. आणि त्याचं हत्यार शेवटच्या कापात ठेवायचं. हरकूचा बाप मेला तेव्हा त्याचा घण ठेवला. तुझ्या आधीची गोष्ट आहे. आता बाईसाबची कटोरी ठेवली. तिचं हत्यार तेच ना?"

"मग हे मला सांगायला काय झालं?" सूर्याजींचा आवाज फाटला. "साहेबाला सांगायला काय झालं?"

"ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला सांगत नसतात. सांगितलं म्हणजे परत मागितल्यासारखं होतं. की बघ, तुझ्यासाठी आम्ही एवढं रडलो, आता तू आमच्यासाठी रड. साहेबाला सांगितलं असतं तर तो तुला सांगणार. म्हणून हरकू म्हणाला, काम नव्हतं." ती पुन्हा कपच्या लावायला लागली. "तुझी अकलेची खाण तर त्याच्या आधीपासून बंद आहे."

मागे कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. सूर्याजी खाली वाकले, वाटीकडे हात नेला आणि मागे घेतला. मग उरलेल्या कपच्या त्यांनीच लावल्या.

*

पण यातून पट्टा सुटत नव्हता. उलट गाठ जास्त बसली. सूर्याजींनी तिथेच मांडीवर कागद घेऊन अर्ज लिहिला: खाण शोकामुळे बंद होती. खाली चाळीस अंगठे लागणार होते. त्यांनी शाईची डबी उघडली.

हरकूने हात मागे घेतला. "हे नाही होणार."

"अरे, आता तर मला कळलं! आता काय लपवायचंय?"

"अम्माने सांगितलं. आम्ही नाही सांगितलं. अंगठा दिला तर आम्ही सांगितलं."

"पट्टा जाईल, हरकू. शाळा जाईल. पुढच्या आषाढात तुझी पोरं काय दगड खातील?"

"आधी खातच होतो," हरकू म्हणाला. रागाने नाही, जसं आहे तसं. "दिलेलं दुःख कागदावर लिहून परत घ्यायचं नाही, मुन्शीजी. दुसरं काही लिहा, शंभर अंगठे देतो."

सूर्याजींनी कपाळावर हात मारला. तिकडे एक सरकार होतं, ते कागदाशिवाय काही मानत नव्हतं. इकडे हे होते, यांना नेमकं हेच कागदावर नको होतं. आणि मधे एक साठीला आलेला मोजणीदार. घरी गेलं की त्याला चहा कोणी विचारत नव्हतं.

परतीच्या गाडीत त्यांनी तो अर्ज फाडला. पानिहारच्या पुढे गाडी उगाच थांबली तेव्हा त्यांच्या मनात आलं, देणाऱ्याने बोलायचं नाही हे खरं. पण घेणाऱ्याने? ज्याला मिळालं त्याने पोच द्यायला काय हरकत आहे? कचेरीत तर पोचेशिवाय पान हलत नाही.

दुसऱ्या दिवशी ते नगरपालिकेत गेले. अनसूयाबाईंच्या मृत्यूची नोंद त्यांनी केलीच नव्हती. शेजारच्या कुसुमताईंनी तीनदा आठवण केली होती. "भाऊजी, एकदा जाऊन या हो, नंतर त्रास होतो." ते हो म्हणायचे आणि जायचे नाहीत. कारण तिथे खिडकीतला माणूस विचारणार, मयताचं नाव काय, आणि ते नाव आपल्या तोंडाने मयत म्हणून सांगावं लागणार. आता त्यांनी सांगितलं. माणसाने विचारलं, "काम क्या करती थीं?"

"लिहा," सूर्याजी म्हणाले, "खदानवर डोळे धुवायच्या."

"ऐसा कोई खाना नहीं है. गृहिणी लिख दूँ?" त्याने रकान्यावर बोट ठेवून विचारलं.

सूर्याजी पंधरा मिनिटं भांडले. शेवटी त्याने गृहिणीच लिहिलं. दंड घेतला आणि दाखला दिला.

*

चौदा तारखेला, म्हणजे कचेरी उठायच्या आदल्या दिवशी, सूर्याजींनी मधुसूदनपुढे दोन कागद ठेवले. एक दाखला. दुसऱ्यावर त्यांच्या सुबक मोजणीदारी अक्षरात लिहिलं होतं: 'खोहरी येथील सहरिया समितीने माझी पत्नी कै. अनसूया हिच्या मृत्यूबद्दल तेरा दिवस घण खाली ठेवून जो शोक पाळला, तो मला पोचला. याची ही पोच. त्यांनी मागितलेली नाही.'

मधुसूदनने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. "काका, मला पटलं. पण कागदाला पटत नाही. नियमात लिहिलंय, 'खाणीवर काम करणारा माणूस.' काकू समितीच्या सभासद होत्या?"

"नव्हती."

"हजेरीत नाव?"

"नाही."

"हजेरी कोण लिहायचं?"

सूर्याजी दाखल्याची घडी सरळ करू लागले.

"तुम्हीच ना? सहा वर्षं बाई दर आठवड्याला जाऊन काम करत होती, आणि तुम्ही एकदाही नाव लिहिलं नाही?"

"घरच्या बाईची हजेरी कोण लिहितं?" सूर्याजी चिडून म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना ते शब्द परत घ्यावेसे वाटले. पण ते खोलीत तसेच राहिले. मुरैन्याच्या गठ्ठ्यावर ते मटकन बसले.

मधुसूदनने हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग वीस तारखेच्या लिलावाची ती फाइल त्याने सुतळी सोडून पुन्हा उघडली आणि मागची पानं उलटायला लागला. चोपन्न सालची तपासणी. पंचावन्नची. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा. पंचावन्न सालचा तपासनीस. आता रिटायर झाला, दिसला तर पाया पडा त्याच्या." त्याने वाचलं, "'खाणीवर मजुरांचे डोळे धुण्यासाठी एक मराठा बाई हजर असते. व्यवस्था समाधानकारक.'"

सूर्याजींनी फाइल हातात घेतली. अक्षर गिचमिडं होतं. त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. नवऱ्याने लिहिलं नव्हतं ते सरकारने लिहून ठेवलं होतं.

"हजर असते," ते म्हणाले.

"असते. झालं मग. आता द्या इकडे, साहेब तासाभरात स्टेशनवर जाणार आहेत."

साहेबांनी कोट चढवता चढवता सही केली. पट्टा परत दिला असं नव्हे. तो निकाल भोपाळला लागायचा होता, कधी ते देवाला ठाऊक. पण तोवर लिलाव थांबला. खाली दोन अटी होत्या. निकाल लागेपर्यंत खाणीवरचं काम एक दिवसही बंद राहता कामा नये. आणि नव्या राज्याच्या नमुन्यात खाणीची पूर्ण मोजणी नव्याने करून महिन्याच्या आत पाठवावी.

"नव्याने मोजणी?" सूर्याजी उसळले. "अरे, मीच मोजलेली आहे! सहा वर्षांत डोंगर काय सरकला? एकट्या माणसाला पंधरा दिवस लागतात त्याला. हा काय छळ आहे!"

"काका," मधुसूदन सुतळीची गाठ दाताने ओढत म्हणाला, "मला उद्या बायकोला भोपाळच्या गाडीत बसवायचंय. छळाचं मला सांगू नका."

*

सोळा तारखेला सूर्याजी जरीब खांद्यावर टाकून खाणीकडे निघाले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं. हरकूला आधी सांगायचं, एक दिवस, अरे अर्धा दिवससुद्धा बंद नाही. तपासनीस आता दर आठवड्याला येईल. मग रतियाजवळ बसून पंचावन्न सालची ओळ सांगायची. तिला आवडली असती.

ओढा ओलांडला तरी घणाचा आवाज आला नाही. तिथून तो नेहमी ऐकू येई. ते थांबले. वारा उलटा असेल म्हणून पुढे गेले. चढावर आले. आवाज नाही.

खाणीत माणसं ओळीने बसली होती. घण समोर, तोंडं खाली करून ठेवलेले. उत्तरेच्या कापात, पहिल्या ढिगाशेजारी, कपच्यांचा नवा ढीग होता. त्याच्या फटीतून चुंबळीचं टोक दिसत होतं. तरुणपणी रतिया त्या चुंबळीवर दगडाची पाटी वाहायची.

"कधी?" सूर्याजींनी विचारलं.

"काल रात्री," हरकू म्हणाला. "झोपेत."

तेरा दिवस. सूर्याजींच्या घशात शिव्या येऊन बसल्या, पण कोणाला द्यायच्या ते कळेना. भोपाळला द्यायच्या की या रीतीला? या म्हातारीला आणखी एक महिना काढता आला नसता? त्यांनी खिशातला आदेश काढला, उघडला, पुन्हा घडी केला. काम एक दिवसही बंद राहता कामा नये. एक घण त्यांच्या पायाशीच पडला होता. ते स्वतः सहरिया नव्हते. त्यांनी उचलून दहा घाव घातले असते तर कागदावर काम चालू झालं असतं, आणि कोणी त्यांना अडवलंही नसतं. हरकू त्यांच्याकडे बघत होता. त्यालाही ते दिसत होतं.

त्यांनी घणाला हात लावला नाही.

मग खांद्यावरून जरीब काढली.

"हरकू, रीत काय आहे? घण चालवायचा नाही, एवढंच ना?"

"दगडावर घाव घालायचा नाही."

"मोजणी करण्यात घाव आहे का?"

हरकूने विचार केला. मागे एका म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान हलवली. "नहीं."

"मग ऊठ. सरकारला पूर्ण खाण मोजून पाहिजे. पंधरा दिवसांचं काम आहे आणि सरकारी हुकमाने आहे. बघू दे तपासनीस येऊन, काम चालू आहे की नाही. मानायचं तर मानेल, नाही मानलं तर त्याच्याशी भांडायला मी मोकळाच आहे. घरी मला आहे काय?"

हरकू उठला. त्याने जरिबेचं दुसरं टोक धरलं. साखळी ओढली तशी ती दगडावर खळखळली, आणि ओळीने बसलेले लोक दचकले. हरकूने ती झटकन उचलली. मग न सांगताच आणखी सहा जण उठले आणि त्यांनी ठिकठिकाणी साखळी हातांवर तोलून धरली. ते सगळे उत्तरेच्या कडेपासून आवाज न करता चालू लागले.

दुपारी सूर्याजींनी हजेरीचं पुस्तक उघडलं. तारीख घातली. काम: मोजणी. हरकूचं नाव लिहिलं, साखळी धरणाऱ्या सहा जणांची लिहिली. एक पोरसवदा बाई डोक्यावर घागर घेऊन सगळ्यांना पाणी देत फिरत होती. रोजच फिरायची. ती त्यांच्यापाशी आली तेव्हा त्यांनी लेखणी थांबवली.

"नाव काय तुझं?"

ती घाबरली. "मेरा काहे को?"

"कागदाला लागतं," सूर्याजी वैतागून म्हणाले. "सांग लवकर. मला अजून पूर्वेची बाजू मोजायचीये."